आमदाराचं सभागृहातलं काम कसं तपासायचं? पहिल्यांदाच कागद उघडणाऱ्यांसाठी

निवडणूक जवळ आली की घरोघरी एक गुळगुळीत पुस्तिका येते. नाव असतं ‘कार्यअहवाल’. मुखपृष्ठावर हात जोडलेले आमदार, आत भूमिपूजनाचे नारळ, सभामंडप, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवे आणि शेवटी ‘मंजूर करून आणलेला निधी’ म्हणून कोटींची यादी. आमच्याकडे काही मित्रांनी मिळून या पुस्तिकांपलीकडे जाऊन विधिमंडळातलं काम तपासायचं ठरवलं, तेव्हा पहिले कितीतरी दिवस नेमकं काय आणि कुठे बघायचं यातच गेले. तुमचे ते दिवस वाचावेत म्हणून हा लेख.

पुस्तिकेतली कामं खोटी असतात असं माझं म्हणणं नाही. महाराष्ट्रात प्रत्येक आमदाराला स्थानिक विकास निधी म्हणून वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात (२०२२ पर्यंत ते ४ कोटी होते). कुणी निवडून आला असता तरी हा निधी आलाच असता. तो कुठे खर्च झाला हे जरूर बघा, पण वेगळ्या वहीत. इथे आपण तपासणार आहोत ते काम फक्त आमदारच करू शकतो: कायदे करणं, सरकारला जाब विचारणं आणि राज्याच्या पैशावर नजर ठेवणं.

आधी एवढं जमवून ठेवा

- आमदाराचं अधिकृत नाव आणि मतदारसंघाचं नाव, विधिमंडळाच्या यादीत जसं लिहितात तसं
- महाराष्ट्र विधिमंडळाचं संकेतस्थळ (एमएलएस डॉट ओआरजी डॉट इन). प्रश्नोत्तरांच्या याद्या, दिवसाच्या कामकाजाचा क्रम, विधेयकं, कार्यवाही (सभागृहात कोण काय बोललं याची छापील नोंद) आणि समित्यांची माहिती तिथे मिळते
- खासदार तपासायचा असेल तर संसदेचं संकेतस्थळ (संसद डॉट इन) आणि ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ या संस्थेचं खासदारांबद्दलचं पान
- मुंबईकरांसाठी ‘प्रजा फाउंडेशन’चं आमदारांचं प्रगतिपुस्तक
- माहिती अधिकाराचा अर्ज आणि १० रुपयांचं शुल्क
- एक साधी वही किंवा एक्सेलचा तक्ता. रकाने पाचच ठेवा: तारीख, आयुध, विषय, सरकारचं उत्तर, पुढे काय झालं

‘आयुध’ म्हणजे सदस्याला नियमांनी दिलेलं साधन. प्रश्न, लक्षवेधी, ठराव, कपात सूचना (खात्याने मागितलेली रक्कम कमी करा अशी सूचना) ही सगळी संसदीय आयुधं. विधान भवनात हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे, तुम्हीही तोच वापरा. सचिवालयात फोन केलात तर समोरच्याला लगेच कळतं की तुम्हाला काय हवंय.

## १. तो कुठे बसतो ते आधी लिहा

विधानसभेत २८८ जण असतात, विधान परिषदेत ७८. परिषदेतले ३० जण आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून आलेले, शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांतून प्रत्येकी ७ आणि राज्यपालांनी नेमलेले १२. शिक्षक मतदारसंघातल्या आमदाराने शाळांच्या अनुदानाचे प्रश्न लावून धरले तर त्याच्यावर ‘एकाच विषयात अडकलाय’ असा शेरा मारू नका. त्याला त्यासाठीच पाठवलेलं असतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो मंत्री आहे का. मंत्री प्रश्न विचारत नाही, उत्तरं देतो. त्याच्या नावापुढे प्रश्नांचा आकडा शून्य दिसणारच. मंत्र्याचं काम तपासताना त्याने मांडलेली विधेयकं वाचायची आणि त्याने सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली का ते बघायचं. अध्यक्ष आणि सभापती यांचीही मोजणी वेगळी. कुणी पाच वर्षांत मधेच मंत्री झाला, मधेच पायउतार झाला, तर त्याचे दोन वेगळे तक्ते करा.

विरोधी बाकांवरच्या माणसाला सरकारी विधेयक मांडता येत नाही, निधीच्या बाबतीतही त्याचा हात आखडलेला असतो. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा निवडून आले आणि त्यातला बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसले. ‘किती कायदे आणले’ या एका फुटपट्टीने त्यांना मोजायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही. अशा माणसाचं काम प्रश्नांत, भाषणांत आणि समित्यांत शोधावं लागतं.

## २. काळ आणि विषय आखून घ्या

पाच वर्षांचं सगळं काढायला बसलात तर दुसऱ्या आठवड्यात कंटाळाल. राज्यात वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पीय आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. एक अर्थसंकल्पीय, एक पावसाळी, एक हिवाळी अशी तीन घ्या, शक्यतो वेगवेगळ्या वर्षांतली. मग तुमच्या भागाला खरोखर भिडणारे दोन किंवा तीन विषय निवडा: पीक विमा, ग्रामीण रुग्णालयातल्या रिक्त जागा, पुनर्विकासात अडकलेल्या इमारती, जे असेल ते.

अधिवेशन निवडताना एक सापळा सांभाळा. प्रत्येक अधिवेशन सारखं नसतं. जुलै २०२१ चं पावसाळी अधिवेशन दोनच दिवसांचं होतं. २०२४ चं नागपूर अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असं झालं आणि मंत्र्यांचं खातेवाटप ते संपल्यावर जाहीर झालं. कोणत्या खात्याला कोण उत्तर देणार हेच ठरलं नव्हतं, त्या आठवड्यात कुणी किती प्रश्न विचारले ते काय मोजणार? संसदेतही सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द केला होता. त्या महिन्यांची आकडेवारी वापरून कुणी खासदाराला ‘मौनी’ ठरवत असेल तर त्याला आधी हे विचारा.

## ३. हजेरी बघा आणि पुढे जा

खासदारांची हजेरी सहज मिळते, आमदारांची बहुधा माहिती अधिकारात मागावी लागते. मिळाली तरी तिच्यावर फार वेळ घालवू नका. हजेरी म्हणजे रजिस्टरमधली सही. सकाळी सही करून दिवसभर मंत्रालयात फायली फिरवणारा आणि रात्री उशिरापर्यंत बाकावर बसून पुरवणी मागण्यांवर (अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या मागण्यांवर) बोलणारा, दोघांची हजेरी सारखीच दिसते. लोकसभेत मंत्री आणि विरोधी पक्षनेते यांनी सही करायची नसते, त्यामुळे त्यांच्या नावापुढची मोकळी जागा म्हणजे गैरहजेरी नव्हे.

गैरहजेरीचं कारणही तपासा. ५ जुलै २०२१ रोजी भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते निलंबन घटनाबाह्य ठरवलं. मधल्या काळातली त्यांची गैरहजेरी त्यांच्या आळसाच्या खात्यात टाकता येणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेतले १४६ खासदार निलंबित झाले, त्यांचे प्रश्नही यादीतून वगळले गेले. निलंबन योग्य होतं की नव्हतं यावर तुमचं मत काहीही असो, तक्त्यात त्या दिवसांपुढे ‘निलंबित’ असं स्पष्ट लिहा.

माझा अंदाज सांगतो: हजेरी फारच कमी असेल तर ती काहीतरी सांगते. ७५ टक्के आणि ९५ टक्के यांतला फरक फारसं काही सांगत नाही.

## ४. प्रश्न मोजू नका, वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं. त्यामुळे ‘अमुक आमदाराने इतके प्रश्न विचारले’ असं कुणी सांगितलं की पहिला सवाल: कोणते? यादीत छापलेला प्रत्येक तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला जातोच असंही नाही. तास संपला की उरलेल्यांची उत्तरं नुसती छापलेली राहतात. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, आणि कुणाचा प्रश्न आधी लागणार हे सोडतीवर ठरतं. म्हणजे आकड्यात नशिबाचाही वाटा असतो.

आता आपल्या विधानसभेची यादी उघडा. प्रश्नाच्या वर सदस्यांची नावं असतात आणि पुष्कळदा ती एक-दोन नसतात. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले की नावांची रांगच लागते. यादी अशी सुरू होते: श्री. अमुक, श्री. तमुक, श्रीमती अमुक, मग ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’. त्या रांगेत तुमच्या आमदाराचं नाव चौदावं असेल तर तो प्रश्न त्याच्या खात्यावर पूर्ण जमा करायचा का? आम्ही असं ठरवलं की नाव पहिल्या दोनांत असेल, किंवा कार्यवाहीत त्याने उपप्रश्न विचारलेला सापडला, तरच तो त्याचा. बाकीच्यांची वेगळी मोजणी. तुम्ही दुसरा नियम लावा हवं तर, पण आधी लिहून ठेवा आणि सगळ्या आमदारांना तोच लावा.

मग प्रश्नाचा मजकूर. ‘हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ हा साचा सगळीकडे सारखाच आहे, त्याला नावं ठेवू नका. त्या साच्यात काय भरलंय ते बघा. चांगल्या प्रश्नात गाव असतं, योजनेचं नाव असतं, तारीख असते, रक्कम असते. तो वाचून खात्यातल्या माणसाला फाईल काढावीच लागते. बेताचा प्रश्न वर्तमानपत्रातल्या बातमीचं शीर्षक उचलून केलेला असतो. आणि काही प्रश्न वाचून वाटतं की हा नेमक्या एकाच कंत्राटदारावर, एकाच बिल्डरवर किंवा एकाच अधिकाऱ्याच्या बदलीवर इतका रोख का? असा प्रश्न दिसला तर खूण करून ठेवा. पुढच्या अधिवेशनात तो विषय अचानक गायब झाला तर ती खूण उपयोगी पडते. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये संसदेतून ११ जणांना काढलं होतं, आणि त्यांत महाराष्ट्रातलेही होते. नुसती संख्या बघून तेव्हाही कुणाला संशय आला नसता.

आता उत्तर. ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’ आणि सर्वांचं लाडकं ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या कलमाला ‘हे खरे नाही’ म्हटलं की खालच्या सगळ्या कलमांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ लिहून खातं मोकळं होतं. इथेच आमदार कळतो. पुढच्या अधिवेशनात तोच विषय नव्या तपशिलासह परत आला का? उपप्रश्नात त्याने मंत्र्याचं उत्तर खोडून काढलं का? की उत्तर आलं, बातमी छापून आली आणि विषय संपला? तीन अधिवेशनांत एकच विषय तीनदा परत आणलेला आमदार माझ्या लेखी तीनशे सुटे प्रश्न टाकणाऱ्यापेक्षा वरचढ आहे.

शोधताना येणाऱ्या तांत्रिक अडचणी: काही जुन्या याद्या स्कॅन केलेल्या असतात, तिथे नाव टाकून शोध चालत नाही, पानं उलटावी लागतात. आडनाव सारखं असलेले सदस्य असतात, म्हणून मतदारसंघाचं नाव जुळवून बघा. ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकामुळेही नाव निसटतं, तेव्हा दोन्ही तऱ्हांनी शोधा. आणि अतारांकित प्रश्नांची उत्तरं पुष्कळदा फार उशिरा छापून येतात, त्यामुळे चालू वर्षाची यादी अपुरी वाटली तर लगेच निष्कर्ष काढू नका.

## ५. बाकीची आयुधं ओळखा

लक्षवेधी सूचना (विधानसभेत नियम १०५) वजनदार असते, कारण मंत्र्याला निवेदन करावं लागतं आणि त्यावर प्रश्न होतात. नियम २९३ खालची चर्चा मोठी चालते, पण तिथे बोलणाऱ्यांची रांगही मोठी असते, म्हणून भाषण प्रत्यक्ष वाचा. औचित्याचा मुद्दा म्हणजे मिनिटभर मांडलेलं म्हणणं. मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायलाच हवं असं नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘साहेबांनी सभागृह हादरवलं’ छापाच्या ध्वनिचित्रफिती पुष्कळदा औचित्याच्या मुद्द्याच्या असतात. अर्थसंकल्पावर कपात सूचना दिल्या का, पुरवणी मागण्यांवर बोलताना खात्याचा आकडा उच्चारला का, तेही टिपा.

विधान भवनाच्या पायऱ्यांवरचं आंदोलन, गळ्यात कांद्याच्या माळा, हातात फलक, हे कुठेच नोंदवू नका. त्याचं राजकीय मोल असेल, पण ते सभागृहाच्या बाहेर घडतं आणि कार्यवाहीत येत नाही.

## ६. विधेयकावर तो काय बोलला ते शोधा

इथे नवख्या माणसाची सगळ्यात मोठी फसगत होते. आपण परदेशातल्या बातम्या वाचून समजतो की प्रत्येक कायद्यावर कुणी कसं मत दिलं याची यादी मिळत असेल. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात. अध्यक्ष विचारतात, ‘होय’ आणि ‘नाही’ असे आवाज येतात, ‘होयचे बहुमत’ असं जाहीर होतं आणि पुढचा विषय सुरू होतो. कुणाचं नाव कुठेच लागत नाही. मोजणी होते ती मोजक्या वेळी, सरकारचंच काही पणाला लागलेलं असतं तेव्हा. ४ जुलै २०२२ ला एकनाथ शिंदे सरकारने विश्वासदर्शक ठराव १६४ विरुद्ध ९९ मतांनी जिंकला, ते आकडे शिरगणतीचे.

शिवाय मत मोकळं नसतं. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं. पक्षाचा व्हिप (कसं मत द्यायचं याचा आदेश) मोडून मत दिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे आमदाराने पक्षासारखंच मत दिलं यातून त्याच्या स्वतःच्या विचाराबद्दल फार काही कळत नाही. बघायचं ते त्याचं भाषण, आणि त्याने सुचवलेल्या दुरुस्त्या.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक घ्या. ते विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये मांडलं गेलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. चंद्रशेखर बावनकुळे समितीचे प्रमुख होते. १२ हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत ते आवाजी मतदानाने संमत झालं. दहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी उघड विरोध केला. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. आता तुमच्या आमदाराची भूमिका कशी ठरवणार? समितीत तो होता का, असल्यास त्याने भिन्नमतपत्रिका (समितीच्या अहवालाशी असहमतीची लेखी नोंद) जोडली का, विधानसभेत तो बोलला का, बोलला असेल तर विधेयकाच्या कोणत्या खंडावर बोलला. बाहेर पत्रकार परिषदेत एक आणि आत गप्प, असं दिसलं तर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहा. विधेयक तुम्हाला पटतं की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

विधेयक वाचताना शेवटाकडून सुरुवात करा. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ नावाचं पान मागे असतं, दीड-दोन पानांत सगळा हेतू कळतो. मग खंड वाचा. सरकारला ‘नियम करण्याचा अधिकार’ कुठे कुठे दिलाय ते शोधा, कारण कायद्याची धार पुष्कळदा त्या नियमांत असते. तुमच्या आमदाराने एखाद्या खंडाला दुरुस्ती सुचवली असेल, ती फेटाळली गेली असली तरी, ती तक्त्यात ठळक लिहा. कायदा वाचून आलेला सदस्य तिथे दिसतो.

आणि ‘आम्ही कायदा केला’ हे वाक्य तपासून घ्या. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठीचं ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलं. केंद्रीय कायद्यांना छेद जात असल्याने राष्ट्रपतींची संमती लागत होती. ती मिळाली नाही आणि कायदा अमलात आला नाही. संमत झालं, संमती मिळाली, राजपत्रात आलं, अमलात आलं आणि नियम झाले, हे सगळे वेगवेगळे टप्पे. कार्यअहवालात बहुधा पहिलाच टप्पा छापलेला असतो.

## ७. अशासकीय विधेयकांना हसू नका, भाळूही नका

मंत्री नसलेला सदस्यही विधेयक मांडू शकतो. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. संसदेत १९५२ पासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. मग मांडायचीच कशाला?

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती पद्धत नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ते तेव्हा संमत झालं नाही. कोकणातली खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. १९३७ सालीच कुणी ‘किती विधेयकं पास केली’ असा तक्ता केला असता तर त्यात बाबासाहेबांपुढे शून्य लिहिलं असतं.

उलट बाजूही आहे. दोन ओळींचं, कुठल्यातरी जुन्या कायद्यातला एक शब्द बदलणारं विधेयक मांडून ‘मी इतकी विधेयकं आणली’ म्हणणारेही सापडतील. फरक ओळखायला मसुदा वाचावा लागतो. त्यात यंत्रणा सांगितलीय का, खर्चाचा विचार आहे का, व्याख्या नीट आहेत का? गोव्याच्या वाचकांना हे पारखणं सोपं जावं: ४० जणांची विधानसभा आणि शुक्रवारचा अशासकीय कामकाजाचा दिवस, त्यामुळे कोण काय मांडतं ते लवकर दिसतं.

## ८. समित्यांचं काम

इथे कॅमेरा नसतो, म्हणून लोक ही पायरी गाळतात. लोकलेखा समिती ‘कॅग’चे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचे, अहवाल तपासते. अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, आश्वासन समिती, अनुसूचित जमाती कल्याण समिती, अशा बऱ्याच आहेत. पंचायती राज समितीचा दौरा लागला की जिल्हा परिषदेत काय धावपळ उडते ते तिथल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला विचारा. ‘पीआरसी येतेय’ एवढं ऐकलं तरी वर्षानुवर्षांची दप्तरं नीट लागतात.

आमदार कोणत्या समितीवर होता, किती बैठकांना गेला, समितीचा अहवाल सादर झाला का, एवढं तरी काढा. समितीवर नेमणूक झाल्याचा फलक चौकात लागतो, पण अहवालावर कुणी फलक लावत नाही. अहवाल वाचायला घेतलात तर मागची साक्ष बघा. अधिकाऱ्यांना नेमके प्रश्न कुणी विचारले, ते पुष्कळदा तिथे उमगतं.

काही कामं यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. रोजगार हमी योजनेमागचं डोकं वि. स. पागे यांचं, आणि ते होते विधान परिषदेचे सभापती. प्रश्न विचारायचे नाहीत, विधेयक मांडायचं नाही, असं पद. तरी १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी ते होते. तक्त्याच्या खाली ‘इतर’ म्हणून चार ओळी मोकळ्या सोडा.

## ९. एका आश्वासनाचा माग काढा

मंत्री सभागृहात म्हणाले, ‘एका महिन्यात चौकशी करून कारवाई करू’. हे आश्वासन ठरतं आणि ते पाळलं की नाही हे बघायला आश्वासन समिती असते. तुमच्या विषयावरचं एकच आश्वासन निवडा आणि संबंधित खात्याकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा. ऑनलाइनही करता येतो. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर प्रथम अपील.

मजकूर साधा ठेवा: ‘अमुक अधिवेशनातील तारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या उत्तरात नमूद केलेल्या चौकशीचा अहवाल, त्यावरील टिप्पणी आणि केलेल्या कार्यवाहीच्या आदेशांच्या प्रती द्याव्यात.’ कारवाई ‘का केली नाही’ असं विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, स्पष्टीकरण मिळत नाही, आणि ‘का’ दिसला की अर्ज निकाली काढायला निमित्त मिळतं. त्याच विषयावर आमदाराने खात्याला पाठवलेल्या पत्रांच्या प्रतीही मागा. कुणी खरंच पाठपुरावा केला असेल तर तो जावक क्रमांकासह सापडतो.

## १०. नोंद लिहा आणि आधी त्यालाच दाखवा

सगळं मिळून दोन पानं पुरतात. गुण देऊ नका. आम्ही सुरुवातीला शंभरपैकी गुण देण्याचा घाट घातला होता, पण लक्षवेधीला किती आणि उपप्रश्नाला किती यावरच वाद रंगले आणि वाचणारे फक्त शेवटचा आकडा बघतात हे लक्षात आल्यावर तो नाद सोडला. त्यापेक्षा निवडलेल्या प्रत्येक विषयाखाली लिहा: काय विचारलं, काय उत्तर आलं, परत विचारलं का, जमिनीवर काय झालं. शेजारच्या दोन मतदारसंघांतल्या आमदारांचीही तशीच नोंद करा, एक सत्ताधारी आणि एक विरोधी. तुलनेशिवाय ‘चांगलं’ आणि ‘वाईट’ यांना काही अर्थ राहत नाही. प्रतिज्ञापत्रातली मालमत्ता आणि गुन्हे महत्त्वाचे आहेत, पण ते वेगळ्या कागदावर लिहा, यात मिसळू नका.

कुणाला वाचायला देण्याआधी ती नोंद आमदाराच्या कार्यालयात द्या, पोच घ्या आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. पीए बहुधा आधी कार्यअहवालाची पुस्तिकाच हातात ठेवेल. ती घ्या, आणि मग विचारा: अमुक प्रश्नाला ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर आलं, त्यानंतर साहेबांनी काय केलं? लेखी उत्तर आलं तर जसंच्या तसं जोडा. आलं नाही तर पोच जोडा.